एका गाडीवर किती चुली

गराडे भाऊंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा त्यांनी लोणावळा स्टेशनवर एका गोऱ्या बाईची वाट अडवली होती. बाई योग शिकायला आलेली. पाठीवर सॅक, काखेत गुंडाळलेली चटई. समोर पांढऱ्या गणवेशातला उंच, काळा, मिशाळ गार्ड. बाईला वाटलं, हा तिकीट मागतोय. तिनं तिकीट काढून पुढे केलं. भाऊंनी ते हातानंच बाजूला सारलं.

"नो टिकेट, म्याडम. इन युवर कंट्री, वन ट्रेन, हाऊ मेनी मॅन?"

"सॉरी?"

"वन ड्रायव्हर. ओके. गार्ड? गार्ड इज देअर?"

मी चहाला बाहेर पडले होते. बाईची सुटका करावी म्हणून पुढे झाले आणि भाऊंचा प्रश्न तिला नीट विचारला. ती हॉलंडची निघाली. म्हणाली, ड्रायव्हर असतो, कंडक्टर असतो, पण हल्ली या कामाला माणसंच मिळत नाहीत, म्हणून गाड्या रद्द होतात. मी ते मराठीत सांगितलं. भाऊंचा विश्वास बसेना. त्यांनी मला पुन्हा विचारायला लावलं. बाईनं पुन्हा तेच सांगितलं.

"ताई," भाऊ म्हणाले, "हिला म्हनावं, आमच्या मावळात ये. एक हाक मार. अख्खी गाडी भरंल, निस्त्या ड्रायव्हरांनी."

मी तेव्हा नुकतीच बुकिंग क्लार्क म्हणून लोणावळ्याला बदलून आले होते. राहायला तळेगावला, येणं-जाणं रोजच्या लोकलनं. नामदेव गराडे पॅसेंजर गाड्यांवरचे गार्ड. मूळचे आंबीचे, शेतकरी घरातले. थोडी जमीन एमआयडीसीत गेलेली, थोडी उरलेली. स्टेशनातली लहानथोर सगळी माणसं त्यांना भाऊ म्हणत.

"भाऊ, कशाला त्रास देता परक्या माणसांना?" मी त्या दिवशी म्हटलं.

"तरास कुटं? इचारलं. त्यांस्नी आपल्या लेण्या बघायच्या असत्यात, मला त्यांची रेल्वे बघायची असती. मी काय तितं जानार हाय? म्हनून हितंच इचारून घ्येतो."

लोणावळ्यात परदेशी माणसांना तोटा नाही. कोणी योगाला येतं, कोणी कार्ल्याला जातं. ड्यूटी संपली की भाऊ डब्यातून उतरत, फलाटावर नजर फिरवत आणि एखादा गोरा हेरत. त्यांचा प्रश्न सगळ्यांना एकच. एका गाडीवर माणसं किती? आम्हाला मराठीत सांगताना ते माणसं म्हणत नसत, चुली म्हणत. "ड्रायव्हरची एक चूल, असिस्टंटची एक, माझी एक. टीसीची. चादरी वाटनाऱ्याची, डबं धुनाऱ्याची, फलाटावर च्या इकनाऱ्याची. आन खिडकीतली तुमची अर्धी."

"माझी अर्धीच का?"

"तुमचं मिस्टर ब्यांकेत हायेत न्हवं."

ज्या देशात गाडीवर चुली जास्त तो देश चांगला. दुबईहून सुट्टीवर आलेल्या एका तळेगावकर इंजिनिअरनं त्यांना सांगितलं की तिथल्या मेट्रोला ड्रायव्हरच नाही. भाऊ बेचैन झाले.

"मंग म्होरल्या काचंपाशी बसतंय कोन?"

"प्रवासी. फोटो काढायला."

दुबई त्या दिवसापासून भाऊंच्या मनातून उतरली. एका इंग्रज पोरानं सांगितलं की आमच्याकडे गाडीवरचे गार्ड कमी करायला निघाले म्हणून गार्ड संपावर गेले, तर भाऊंना आनंदच झाला. गोरा गार्डही रस्त्यावर बसतो, ही बातमी त्यांनी आठवडाभर वाटली. फ्रान्समध्ये ड्रायव्हरला लवकर पेन्शन मिळायची, हे कळल्यावर त्यांनी फ्रान्सला फार वर नेऊन बसवलं. ती सवलत तिथल्या सरकारनं आता काढली आहे, असं मी पेपरात वाचलेलं. तसं सांगितलं तर म्हणाले, "आपल्याला गोऱ्यानं सांगितलंय. पेपरवाला गेलता का तितं?" त्यांची निम्मी माहिती अशीच असे. कोणीतरी घाईत गाडी पकडताना सांगितलेली, भाऊंनी जन्मभर जपून ठेवलेली.

सगळ्यात वर जपान. कार्ल्याहून परतणाऱ्या एका जपानी म्हाताऱ्यानं त्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला होता. गाडी येते, सफाईची माणसं रांगेत उभी राहून कमरेत वाकतात, झटपट डबे साफ करतात, खाली उतरून पुन्हा वाकतात. भाऊंनी तो म्हाताऱ्याकडून स्वतःच्या फोनवर घेतला. मग चहाच्या स्टॉलसमोर ते तसं वाकून दाखवायचे. "तितं झाडूवाल्यालाबी कोट-टोपी असती. पाशिंजर त्याला मान देतंय." आमच्या फलाटावर झाडणारी म्हातारी शेवंता एकदा म्हणाली, "भाऊ, वाकून वाकून कंबार गेली माजी. मला कोन वाकतंय का बगा जरा." सगळे हसले. भाऊही हसले आणि तिला चहा पाजला.

माणूस हेकट होता. पूर्वी प्रत्येक गार्डाला एक जाड पत्र्याची पेटी असे. तीत झेंडे, दिवे, धोक्याच्या इशाऱ्याला रुळावर लावायचे फटाके, प्रथमोपचाराचं सामान. ती उचलून डब्यात चढवायला वेगळे हमाल असत. रेल्वेनं पेटी बंद केली आणि चाकांची बॅग दिली. बाकीच्या गार्डांना बरंच वाटलं. भाऊंनी कित्येक दिवस बॅग घेतली नाही. "मी काय म्हाबळेश्वरला निघालोय व्हय? आन त्या पेट्या उचलनारी पोरं कुटं जायाची?" पोरं कुठे गेली ते कोणीच विचारलं नाही. भाऊंनी विचारलं, हे खरं. शेवटी साहेबानं झापल्यावर बॅग घेतली, पण ती ओढत नसत, हातात उचलून नेत.

मग गार्ड हे नाव गेलं आणि ट्रेन मॅनेजर आलं. आमच्या ऑफिसात चेष्टेला ऊत आला. "भाऊ, मॅनेजर झालात, एसी केबिन कधी?" भाऊ छातीवरच्या नव्या बिल्ल्याकडे बघून म्हणाले, "नाव लांबलं की समजायचं, मानूस आखडनार." ते खोटं ठरलं नाही. माझ्याच ऑफिसातल्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. बाहेर मशीन आली, लोकांच्या हातात मोबाइल आले आणि मशीनपाशी कमिशनवर तिकिटं काढून द्यायला आमचेच निवृत्त लोक बसले. मी यावर अश्रू ढाळणाऱ्यातली नाही. रांगा कमी झाल्या, हे चांगलंच झालं. पण बदली येईल का, कुठे येईल, हा विचार मीही करत होते.

भाऊ इतके खोदून खोदून का विचारतात, ते मला फार उशिरा कळलं. त्यांना एकच मुलगा, विशाल. आयटीआय झालेला, शांत, वडिलांसारखाच उंच. रेल्वेच्या परीक्षा देत होता. जाहिरात निघायची, मग परीक्षेची वाट, मग निकालाची. यात पोरांची उमेदीची वर्षं जातात. भाऊ त्याला स्वतः ड्यूटीवरून आल्यावर शिकवायला बसत. पोरगा एकदा थोडक्यात हुकला, पुढे दोनदा तर जवळपासही पोचला नाही. तिकडे गाडीला माणूस मिळत नाही आणि इथे माणसाला गाडी मिळत नाही, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

आमच्याकडे 'पर्मनंट' या शब्दाला काय वजन आहे, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. आंबी, वराळे, नवलाख उंबरे, सगळीकडे कंपन्यांची गेटं. शेताच्या बांधावरून कारखान्याची चिमणी दिसते. घरटी एक माणूस आत कामाला, पण बहुतेक सगळे कंत्राटावर. आज आहे, पुढच्या महिन्याचं माहीत नाही. लग्नाच्या बोलण्यात मुलाचं शिक्षण नंतर विचारतात, पर्मनंट आहे का ते आधी. त्यात रेल्वे म्हणजे शेवटचा शब्द.

भाऊंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं. एक दिवस त्यांच्या पुतण्याचा, संतोषचा मला फोन आला. "मॅडम, आमचा विशाल रेल्वेत सिलेक्ट झाला. गावानं सत्कार ठेवलाय. रेल्वेच्या वतीनं शाल तुमच्या हस्ते."

"मी साधी बुकिंग क्लार्क आहे हो."

"आमच्यासाठी तुमीच रेल्वे."

मी भाऊंना स्टेशनात गाठलं. "पेढे कुठे आहेत?" ते "द्येतो की" म्हणाले आणि सिग्नल बघायला निघून गेले. सिग्नल तेव्हा लालच होता.

आंबीच्या फाट्यावर भला मोठा फ्लेक्स होता. 'आंबी गावचे सुपुत्र चि. विशाल नामदेव गराडे यांची भारतीय रेल्वेत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' फ्लेक्सवाल्यानं विशालच्या अंगावर काळा कोट चढवला होता आणि मागे जपानची बुलेट ट्रेन लावली होती. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. देवळासमोर मांडव, स्पीकर, खुर्च्या. मी शाल घातली, नारळ दिला आणि चिकाटीचं फळ मिळतं वगैरे चार शब्द बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विशाल मान खाली घालून उभा. मला वाटलं, लाजतोय.

भाऊंना भाषणाचा आग्रह झाला. एरवी हा माणूस माइक सोडायचा नाही. त्या दिवशी "लय आभारी हाय" एवढंच बोलले. त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची ठेवली होती. ते कार्यक्रमभर त्या खुर्चीची पाठ धरून मागे उभे राहिले.

पुढे महिनाभरानं मी कल्याणहून परत येत होते. उत्तरेकडून पुण्याला जाणारी लांब पल्ल्याची गाडी. घाटात समोरच्या बाकावरच्या लहान मुलाला उलटी झाली. त्याच्या बापानं फोन लावून सफाईवाल्याला बोलावलं. नारिंगी टी-शर्टातला, हातमोजे घातलेला मुलगा बादली आणि पोछा घेऊन आला. मी पाय वर घेतले. तो खाली बसून पुसायला लागला.

"बाकाखाली पण पूस नीट," मुलाचा बाप म्हणाला.

"पुसतो, साहेब."

आवाजावरून मी वळून पाहिलं. विशाल होता. छातीवर कुठल्याशा कंत्राटदाराचं नाव. त्यानंही मला पाहिलं. काम अर्धं टाकून तो उठला नाही. सगळं पुसलं, वास जायला काहीतरी फवारलं आणि मग बादली उचलली. मी त्याच्या मागोमाग दरवाजापाशी गेले.

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासूनच, मॅडम. मी हेच लागलो होतो. गळ्यात आयकार्ड घातलेला फोटो स्टेटसला टाकला, तो संतोषदादानं पाहिला. मला न विचारता फ्लेक्स लावला."

"मग सांगायचं नाही?"

"आण्णांनी, म्हणजे तुमच्या भाऊंनी, फ्लेक्स बघितला. मी शेजारीच उभा होतो. म्हटलं, आता बोलतील. मग सत्काराला म्हटलं, आता तरी बोलतील. तुम्ही नारळ दिलात तरी त्यांच्याकडंच बघत होतो." त्यानं बादली खाली ठेवली. "मला या कामाची लाज नाही, मॅडम. सहा महिने घरी बसण्यापेक्षा बरंय. पण घरी याची लाज वाटते, ते मला त्या मांडवात कळलं. जपानचा व्हिडिओ मला आण्णांनीच दाखवला होता."

त्यानं बादली पुन्हा उचलली. तो म्हणाला, "ती शाल मी वापरली नाही. आईनं कपाटात ठेवलीय. तुम्हाला परत हवी तर सांगा."

घाट संपून खंडाळा मागे पडेपर्यंत मी तिथेच उभी होते. माझ्याकडून एका खोट्या गोष्टीला शाल घालून घेतली होती, याचा राग होता. पण त्याहून जास्त लाज होती आणि ती नेमकी कोणाची, ते मला ठरवता येईना. ज्या कामाकडे आपण नजर न टाकता पुढे जातो, त्या कामावरचा मुलगा ओळखीचा निघाला म्हणूनच मी पाय खाली ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी भाऊंना चहाच्या स्टॉलवर धरलं. मी गोलगोल बोलत नाही.

"भाऊ, विशाल भेटला. गाडीत."

त्यांनी बशी खाली ठेवली.

"मला शाल घालायला कशाला बोलावलंत?"

"मी न्हाई, संतोषनं."

"तुम्ही समोर होतात."

त्यांनी फलाटाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "ताई, मला बोलताच आलं न्हाई. फाट्यावर उतरलो तर ह्यो येवडा फ्लेक्स. मानसं हात मिळवायला लागली. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी मानसं वाढली. आन मी काय सांगू? ज्या गाडीच्या मागच्या डब्यात मी झेंडा घिऊन हुबा ऱ्हायलो, त्या गाडीचं संडास माजं पोरगं धुतंय? आन तेबी कंत्राटावर?"

"कंत्राटाची लाज वाटते की संडासाची?"

भाऊंनी बशी लांब सारली. मग म्हणाले, "खोटं कशाला बोलू. दोन्हीची."

निदान तेवढं तरी खरं बोलले.

त्यानंतर थोड्या दिवसांत ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात हार-तुरे झाले, विशाल ड्यूटीवर म्हणून आला नव्हता. आणि मग नवलाख उंबऱ्याच्या पडवळांकडून विशालसाठी स्थळ आलं. फ्लेक्स बघूनच आलं. पडवळ एका कारखान्यात कंत्राटावर होते. मुलगी बी.कॉम. 'माझं आयुष्य कंत्राटात गेलं, पोरगी पर्मनंट घरात द्यायची,' एवढंच त्यांचं म्हणणं होतं, असं भाऊंनीच मला सांगितलं.

"आणि विशाल काय म्हणतो?"

"त्यो म्हनतो, आण्णा, आधी खरं सांगा, मंगच बघायला जाईन. न्हाई तर मी न्हाई येत."

"बरोबर बोलतोय. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, भाऊ. उद्याच जा."

ते गेले. परत आल्यावर मी फोन केला. म्हणाले, पोहे केले होते, माणसं चांगली आहेत, बोलायला वेळच मिळाला नाही. पुन्हा गेले. त्या वेळी पडवळांनी परदेशातल्या रेल्वेचा विषय काढला म्हणे, आणि भाऊ हॉलंडपासून जपानपर्यंत बोलत बसले. "मानूस इतकं मन लावून ऐकत होता, ताई. मधीच कसं सांगू?" तिसऱ्यांदा गेले ते पोरानं पोरगी बघायच्या आधीच सुपारी फोडायचा दिवस धरून आले. मला संताप आला. ज्या माणसानं अनोळखी गोऱ्या माणसांना अडवून अडवून चौकशा केल्या, त्याला एका ओळखीच्या माणसासमोर एक वाक्य बोलवेना.

मग एक दिवस सकाळी माझ्या खिडकीसमोर भाऊ उभे. मागे पडवळ, त्यांची बायको आणि त्यांचा भाऊ. भाऊंनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. "ताई, सगळ्यांची प्लॅटफॉर्म तिकिटं द्या."

मला कळेना. मी तिकिटं देता देता हळूच विचारलं, "काय चाललंय?"

ते खिडकीच्या जाळीपाशी वाकले. "बोलायचं जमत न्हाई, ताई. दावायचं जमंल. इशालची गाडी हितं थांबती. कचरा टाकायला त्यो उतरतो. ह्यांनी डोळ्यांनी बघावं. मी म्हननार, ह्यो माजा मुलगा. बास."

"विशालला सांगितलंय?"

"न्हाई."

"मग हे करू नका. त्याला असा उभा करू नका."

"आता आनलंय त्यांस्नी," भाऊ म्हणाले आणि वळले.

रेल्वेत तपासणी अशीच होते. न सांगता येतात आणि जे असेल ते बघतात. भाऊंना जन्मभर तेवढीच एक पद्धत ठाऊक होती. मी शेजारच्या सहकाऱ्याला खिडकी बघायला सांगितली आणि विशालला फोन लावला. रेंज घाटात जाते-येते, पण लागला.

"विशाल, तुझे वडील पडवळांना घेऊन फलाटावर उभे आहेत. तुला बघायला."

पलीकडे त्यानं बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तू डब्यात थांब. उतरू नकोस. मी सांगेन त्यांना काहीतरी."

"बघतो, मॅडम," तो म्हणाला आणि फोन कट झाला.

मी फलाटावर गेले. गाडी आली. घाटात मागून रेटणारी इंजिनं लोणावळ्याला सुटतात, त्यामुळे ती इथे घटकाभर उभी राहते. पडवळ मान उंच करून डब्यांकडे बघत होते. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. "गार्डसाहेब, जावईबापू कोंच्या डब्यात? म्होरं का मागं?" भाऊंनी नुसतं "यीलच" म्हटलं.

बराच वेळ कोणी उतरलं नाही. मला वाटलं, पोरगा शहाणा निघाला. मग मधल्या एका डब्यातून नारिंगी टी-शर्ट उतरला. दोन्ही हातांत कचऱ्याच्या काळ्या पिशव्या. कचऱ्याचा डबा त्याच्या जवळच होता. तो डबा ओलांडून विशाल आमच्याकडे चालत आला.

पडवळांचा भाऊ म्हणाला, "ए बाबा, लांबून जा, लांबून. कापडं खराब व्हत्याल."

मी भाऊंकडे पाहिलं. आता बोलतील. त्यांचे ओठ हललेही. पण पाय आधी हलले. पोराला वाट द्यावी तसे ते बाजूला सरकले. नुसते एक पाऊल. बाकी कोणाच्या लक्षात आलं नसेल. विशालच्या आलं.

त्यानं पिशव्या खाली ठेवल्या, हातमोजे काढले. "मी विशाल गराडे," तो पडवळांना म्हणाला. "हे माझे वडील. मी रेल्वेत नाही, सफाईच्या कंत्राटदाराकडे आहे. तुम्हाला हे आधी कळायला पाहिजे होतं."

पडवळांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. पडवळांचा भाऊ काहीतरी बोलायला गेला, पडवळांनी त्याला हातानं थांबवलं. ते विशालकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. मग भाऊंकडे वळले.

"गार्डसाहेब, मीबी कंत्राटावरच हाय. रोज सकाळी माझ्या पोरीला सांगून जातो, आज काम हाय. नसलं तर नसलं म्हनतो. ह्या पोराचं मला काय वाटलं नसतं. कदाचित दिलीबी असती पोरगी." त्यांनी पुडा दुसऱ्या हातात घेतला. "पन तुमी तीनदा माझ्या घरी येऊन पोहं खाल्लं."

पेढ्यांचा पुडा त्यांनी विशालच्या हातात ठेवला. "घे. डब्यातल्या तुझ्या जोडीदारांना दे." आणि बायकोला, भावाला घेऊन ते जिन्याकडे निघाले. भाऊंचा निरोप त्यांनी घेतला नाही.

भोंगा झाला. विशालनं पिशव्या उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, पळत जाऊन गाडीत चढला आणि दरवाजात उभा राहिला. गाडी हलली. त्याचा डबा भाऊंच्या अगदी समोरून गेला. पोरगा बापाकडे बघत होता. काहीतरी व्हावं म्हणून बघत होता, हे मलाही दिसलं. भाऊंचे दोन्ही हात खाली लोंबत होते. डबा पुढे गेला.

मागचे डबे आले आणि शेवटी गार्डाचा डबा. त्यात भाऊंच्या हाताखाली शिकलेला एक गार्ड होता. फलाटावर भाऊ दिसल्यावर त्यानं बाहेर वाकून हिरवा झेंडा हलवला. "राम राम, भाऊ!"

भाऊंचा उजवा हात वर गेला. ताठ, खांद्याच्या वर, इतकी वर्षं जसा जायचा तसा. गाडी वळणाआड गेली तरी तो वरच होता. मग त्यांनी मान वळवून आपल्या त्या हाताकडे पाहिलं आणि दुसऱ्या हातानं धरून तो खाली घेतला.

मी खिडकीवर परत गेले. रांग होती. त्यानंतर भाऊ लोणावळा स्टेशनवर कोणाला दिसलेले नाहीत.